पंखा बंद पडला आणि मांडीतला ऑक्सिजन ‘वाढला’

मे महिन्यातली सकाळ. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाचा सायकल मारत होता. सायकल जागेवरच, मागचं चाक ट्रेनरच्या रुळावर टेकवलेलं. समोर टेबल फॅन. उजव्या मांडीला काळ्या पट्टीने काडेपेटीएवढं एक यंत्र बांधलेलं आणि हँडलवरच्या मोबाईलवर त्याचा आकडा: मांडीच्या स्नायूतल्या रक्तात किती टक्के ऑक्सिजन शिल्लक आहे. पन्हाळ्याचा चढ न थांबता मारायचा पण त्याने केला होता आणि त्यासाठी हे महागडं खेळणं घेतलं होतं.

अर्ध्या तासाने लाईट गेली. पंखा थांबला. ट्रेनर साधा, विजेशिवाय चालणारा, त्यामुळे गडी थांबला नाही. पॅडलमधला पॉवर मीटर आधीएवढेच वॅट दाखवत होता. पाच-सात मिनिटांत घामाच्या धारा लागल्या आणि मोबाईलवरचा आकडा चढायला लागला. ५२ होता, ५४ झाला, मग ५८.

“मामा, हे बघा की! हिकडं दम निघालाय माझा, आणि हे म्हणतंय ऑक्सिजन वाढला!”

लाईट आली, पंखा फिरायला लागला आणि थोड्या वेळात आकडा जसा चढला तसाच सावकाश उतरला. भाच्याने यंत्राला शेलक्या कोल्हापुरी शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला यंत्राची कीव आली. त्याला जे दिसलं ते त्याने इमानदारीने सांगितलं होतं. आपण मात्र त्याला एक विचारत होतो आणि ते उत्तर देत होतं दुसऱ्याच प्रश्नाचं.

आता त्याला नेमकं दिसतं काय, ते बघू. त्यासाठी रात्री दिवे घालवा आणि मोबाईलची टॉर्च बोटांच्या खाली चिकटवून धरा. बोटं लालभडक दिसतील. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, म्हणजे त्यात सगळे रंग असतात. मग बाहेर लालच का येतो? निळा आणि हिरवा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, लाल त्याच्या तावडीतून बराचसा निसटतो. आणखी एक गंमत बघा. बोटात हाड आहे, तरी त्याची सावली दिसत नाही. कारण मांसात शिरलेला उजेड सरळ रेषेत जातच नाही. पावला-पावलावर आपटतो, दिशा बदलतो, विखुरतो. दाट धुक्यात गाडीचे दिवे लावले की सगळं धुकंच उजळतं आणि रस्ता दिसत नाही, तसं.

लाल रंगाच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तर मांसात आणखी सहज शिरतो. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात शरीराला जणू एक खिडकी आहे. त्याच्या अलीकडे हिमोग्लोबिन प्रकाश अडवतं, पलीकडे पाणी. मांडीवरचं यंत्र याच खिडकीतून डोकावतं.

डोकावून ते रंग ओळखतं. रक्तदान केलेल्यांनी पाहिलं असेल, पिशवीत पडणारं रक्त काळपट लाल असतं. ते शिरेतलं, ऑक्सिजन वापरून झालेलं. धमनीतलं रक्त त्यामानाने भडक लाल. हा रंगातला फरक इन्फ्रारेडमध्येही असतो: ७६० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन सोडून बसलेलं हिमोग्लोबिन जास्त प्रकाश शोषतं, ८५० च्या आसपास ऑक्सिजन धरलेलं जास्त शोषतं, आणि ८०० च्या जवळ दोघंही सारखंच. म्हणून यंत्र दोन-चार रंगांचे दिवे आळीपाळीने लावतं, किती उजेड परत आला ते मोजतं आणि त्या हिशोबातून टक्केवारी काढतं. स्नायूत मायोग्लोबिन नावाचा हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ असतो. त्याचा रंग इतका सारखा की यंत्राला दोघं वेगळे सांगता येत नाहीत. तो आज बाजूला ठेवू, आपला चोर दुसरा आहे.

इथे थोडं विषयांतर करतो, कोल्हापुरात बसून ते टाळणं बरं दिसणार नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गोळेश्वरचे खाशाबा, शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. त्याच ऑलिंपिकात, शिडाच्या होड्यांच्या साडेपाच मीटर वर्गात, अमेरिकेच्या सुवर्ण जिंकणाऱ्या होडीवर ब्रिटन चान्स नावाचा एक शास्त्रज्ञ होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला हा माणूस जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे लागला होता: पेशी ऑक्सिजन कसा वापरतात ते प्रकाशाने बघायचं. पुढे १९९२ मध्ये त्याच्या गटाने पट्टीच्या वल्हेकरांच्या मांड्यांवर इन्फ्रारेड लावून, जोर संपल्यावर स्नायूतला ऑक्सिजन किती वेगाने भरून येतो ते मोजलं. ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हे. ग्लेन मिलिकनने १९३७ मध्येच मांजराच्या स्नायूवर प्रकाशाने असं मोजमाप केलं होतं, आणि इन्फ्रारेड प्रकाश जिवंत शरीरात खोलवर जाऊन माहिती घेऊन परत येतो हे फ्रान्स योब्सिसने १९७७ मध्ये दाखवून दिलं. पण खेळाडूच्या मांडीपर्यंत हे तंत्र पोचवणाऱ्यांत चान्स अग्रभागी. एकाच मेळ्यात एकाने मांडीच्या जोरावर पदक घेतलं, आणि दुसरा पुढे मांडीत काय चालतं ते बघायच्या कामाला लागला. मला या योगायोगाची भारी गंमत वाटते.

असो. मांडीवर परत येऊ.

यंत्राचा दिवा आणि उजेड टिपणारा डोळा एकमेकांपासून साधारण तीन सेंटीमीटरवर असतात. दिव्यातून निघालेला प्रकाश आत विखुरतो, आणि त्यातला जो थोडा डोळ्यापर्यंत येतो तो सरासरी केळ्याच्या आकाराची वाट करून आलेला असतो. एका टोकाला आत शिरला, खाली बाक घेतला, दुसऱ्या टोकाला वर आला. या केळ्याची खोली दिवा-डोळा अंतराच्या निम्मी धरतात, म्हणजे तीन सेंटीमीटर अंतर असेल तर दीडेक सेंटीमीटर. आता या दीड सेंटीमीटरमध्ये काय काय आहे? सगळ्यात वर त्वचा, एक-दोन मिलिमीटर. खाली चरबी. त्याच्याही खाली स्नायू, ज्याच्यासाठी पैसे मोजले तो. म्हणजे स्नायूची बातमी आणणाऱ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणाला त्वचेचा नाका दोनदा ओलांडावा लागतो, जाताना एकदा आणि येताना एकदा. टोल म्हटलं की कोल्हापूरकराच्या अंगात येतं, पण इथे आंदोलन करून उपयोग नाही. दोन्ही बाजूंचा भरावाच लागतो.

त्वचा म्हणजे नुसतं कव्हर असतं तर काही बिघडलं नसतं. काचेतून बघितल्यासारखं बघता आलं असतं. त्वचेतल्या मेलॅनिनचंच घ्या. सावळ्या माणसाच्या त्वचेत ते जास्त, त्यामुळे परत येणारा उजेड कमी. पण सायकल मारता मारता मेलॅनिन वाढत-घटत नाही. ते काचेवरच्या रंगासारखं आहे: एकदा हिशोबात धरलं की झालं. रक्ताचं तसं नाही. त्वचेतही रक्त आहे, त्यातही तेच हिमोग्लोबिन आहे, आणि व्यायाम सुरू झाला की ते कमी-जास्त होतं. मोजायची वस्तू ज्या खिडकीतून बघायची, त्या खिडकीची काचच त्याच रंगाची, आणि तो रंग दर मिनिटाला बदलतोय.

मिसळीचं वाडगं समोर घ्या. वर लाल तवंग, खाली कट, त्याखाली मटकी. वरून बघून खाली मटकी किती आणि तिचा रंग कसा हे सांगायचं. तवंग पातळ आणि तेवढाच राहिला तर अंदाज बांधता येतो. पण वाढपी अधूनमधून वरून तर्रीची पळी ओतत असेल तर? आपण म्हणणार, मटकी लाल झाली. मटकी होती तशीच आहे.

ही तर्रीची पळी कोण ओततं, आणि का? इथे त्वचेतल्या रक्ताचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथेच आहे. स्नायूत रक्त जातं ते प्रामुख्याने ऑक्सिजन पोचवायला. त्वचेत जातं ते मुख्यतः अंग थंड करायला. त्वचेची स्वतःची भूक किरकोळ. स्नायू जोर करताना पेट्रोल प्यायल्यासारखा ऑक्सिजन पितो, त्वचा दोन घोट घेते. शरीर आतून तापलं की मेंदू हुकूम सोडतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि गरम रक्त पृष्ठभागाकडे धावतं. तिथे घामाच्या मदतीने उष्णता हवेत सोडतं आणि माघारी फिरतं. जाताना ऑक्सिजन मात्र जवळजवळ तसाच घेऊन जातं, कारण कुणी मागितलाच नाही.

किती रक्त? नेहमीच्या हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सगळ्या त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. तोच माणूस कडक उष्म्यात पुरता तापला की हे सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. तुलनेसाठी सांगतो, आराम करताना अख्खं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. म्हणजे तापलेल्या माणसाच्या नुसत्या कातडीतून, एरवी सगळ्या शरीराला पुरतं त्याहून जास्त रक्त वाहू शकतं! आणि गरम कातडीतलं हे रक्त किती ‘ताजं’ असतं ते बघा: धमनीत सुई न घालता धमनीसारखं रक्त हवं असेल तर संशोधक माणसाचा हात गरम पेटीत ठेवतात आणि हाताच्या साध्या शिरेतून रक्त काढतात. हात तापला की शिरेतलं रक्तही जवळपास धमनीतल्यासारखं ऑक्सिजनने भरलेलं असतं.

आता भाच्याच्या मांडीचा हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, सोयीचे म्हणून घेतलेत.

समजा, यंत्राला दिसणाऱ्या रक्ताचे १०० भाग आहेत. त्यातले ८० स्नायूतले, २० त्वचेतले. स्नायू जोरात काम करतोय, तिथलं रक्त ५० टक्के भरलेलं. त्वचेतलं ७५ टक्के. सरासरी काढा: ८० गुणिले ५० म्हणजे ४०००, २० गुणिले ७५ म्हणजे १५००, बेरीज ५५००, भागिले १००. यंत्र ५५ दाखवेल. आधीच पाचने जास्त, पण ठीक आहे.

पंखा बंद पडला. त्वचा तापली. तिच्यातलं रक्त दुप्पट झालं, २० चे ४० भाग, आणि वापरायला वेळच न मिळाल्याने ते ९० टक्के भरलेलं. स्नायू होता तसाच, ८० भाग, ५० टक्के. आता ४००० अधिक ३६००, एकूण ७६००, भागिले १२०. उत्तर ६३. स्नायूत तसूभर फरक नाही आणि आकडा आठने वर!

याच्यापुढची पायरी जास्त फसवी. समजा स्नायू या वेळात खरोखर थकतोय आणि तिथला ऑक्सिजन ५० वरून ४५ वर आलाय. हिशोब केला तर ८० गुणिले ४५ म्हणजे ३६००, त्वचेचे ३६००, एकूण ७२००, भागिले १२०: बरोबर ६०. आकडा ५५ वरून ६० झाला, म्हणजे वाढला, आणि स्नायूत तो घटला होता. यंत्र उलटी दिशा दाखवतंय. आणि थंडीत? डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्यावर कातडी आकसलेली असताना त्वचेचे भाग २० चे १० झाले आणि त्यांची टक्केवारी ६५ धरली, तर तोच ५० टक्क्यांचा स्नायू ५२ च्या आसपास दिसेल.

भाच्याने डिसेंबरात गच्चीवर आणि मे महिन्यात बंद खोलीत तेवढ्याच वॅटला सायकल मारून दोन्ही आलेख शेजारी ठेवले होते. मेमधला आकडा वर होता. ‘पाच महिन्यांत माझा स्नायू सुधारला’ असा त्याने निष्कर्ष काढला होता, मित्रांना सांगूनही झालं होतं. सुधारला असेलही, पोरगं मेहनती आहे. पण त्या दोन आलेखांवरून ते ठरत नाही.

शास्त्रज्ञांचंही यावर लगेच एकमत झालं नव्हतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेतल्या रक्ताचा परिणाम किरकोळ निघाला आणि बरेच दिवस त्याचाच हवाला दिला जायचा. मग २००६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या गटाने माणसांचं अख्खं शरीर तापवलं. आकडे वर गेले, आणि माणसं तर निवांत पडून होती, स्नायूला काही कामच नव्हतं. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर असू शकतात, असं मला वाटतं. एसी प्रयोगशाळेत दहा मिनिटं हात हलवणाऱ्याला त्वचेचा त्रास जाणवणार नाही. मे महिन्यात बंद खोलीत तासभर सायकल मारणाऱ्याला जाणवेलच.

“पण मग कोविडमध्ये बोटाला लावायचो ते यंत्र कसं बरोबर दाखवायचं? त्यालाबी कातडी आडवी येतच असंल की,” भाच्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. बोटावरचं यंत्रही असेच दोन रंगांचे दिवे वापरतं, पण त्याची युक्ती वेगळी. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ती काढली. ते हृदयातून मिनिटाला किती रक्त जातं ते कानावर प्रकाश टाकून मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीचे ठोके आलेखात लुडबुड करत होते. ती लुडबुड घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की धडधडतं ते फक्त धमनीतलं रक्त. मग धडधडणारा भागच तेवढा मोजला तर कातडी, हाड, शिरा सगळं आपोआप वगळलं जातं. अडचणीलाच त्यांनी कामाला लावलं. आपल्याला स्नायूत मात्र ही युक्ती चालत नाही. आपल्याला बघायचंय ते केशवाहिन्यांतलं आणि बारीक शिरांतलं, स्नायूने पिऊन उरलेलं रक्त, आणि ते धडधडत नाही. ते गुपचूप झिरपत जातं, कातडीतल्यासारखंच. आणखी एक उलटा न्याय: बोटावरच्या यंत्राला गरम, रक्ताने भरलेली कातडी आवडते, थंडगार बोटावर ते अडखळतं. मांडीवरच्या यंत्राचा नेमका त्याच रक्ताने घोटाळा होतो.

आता चरबी. तिच्यात रक्त फार कमी असतं, त्यामुळे ती स्वतः खोटं बोलत नाही, पण जागा अडवते. केळ्याची खोली ठरलेली आहे. वरचे थर जाड असले की स्नायूच्या वाट्याला केळ्याचं नुसतं टोक येतं आणि त्याच प्रमाणात त्वचेचं मत वजनदार होतं. यंत्र जिथे लावायचं तिथली कातडी चिमटीत धरून बघा. चिमटीची जाडी एक सेंटीमीटर आली, तर तिच्यात दुहेरी घडी असते, म्हणजे त्वचा आणि चरबी मिळून पाच मिलिमीटर. चांगलं आहे. चिमूट तीन सेंटीमीटरची आली, तर वरचा थरच दीड सेंटीमीटर. अशा मांडीवर यंत्र लावून ‘माझ्या स्नायूत अमुक टक्के’ म्हणणं म्हणजे ओट्यावर बसून तळघराची झडती घेतल्यासारखं. दोन माणसांचे आकडे एकमेकांशी का ताडायचे नाहीत, त्याचं मोठं कारण हे.

पट्टीचीही भानगड आहे, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून यंत्रावर काळी पट्टी गुंडाळतात. उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण काळी, जाड, घाम न सुकू देणारी पट्टी म्हणजे मांडीच्या त्याच तुकड्यावर घोंगडं टाकल्यासारखं. बाकी मांडी वाऱ्यावर आणि मोजायची जागा तेवढी उबेला! तिथली कातडी सगळ्यांच्या आधी तापते. पट्टी करकचून आवळली तर उलटं होतं: कातडीतलं रक्त दाबाने बाजूला सरतं आणि आकडा खाली बसतो. सैल सोडली तर यंत्र घामाने घसरतं आणि कडेने उजेड शिरतो. म्हणून दर वेळी तीच जागा, तीच पट्टी, तेवढाच ताण. भाचा आता मांडीवर पेनाने खूण करतो आणि पट्टीवरही एक रेघ मारून ठेवली आहे, तिथपर्यंतच ओढायची.

गंगावेशीकडच्या आमच्या ओळखीतल्या एका वस्तादांनी हे यंत्र बघून विचारलं, “आमच्या पोरांस्नी चालंल का हे?” झोंबीत नाही चालणार, पहिल्या पटातच उडून जाईल. बैठका मारताना चालेल. पण मालीश व्हायच्या आधी, नंतर नाही. तेल लावून रगडलेली मांडी लाल का होते? कातडीतल्या वाहिन्या फुलतात म्हणून. स्नायूदुखीवर चोळायच्या झोंबणाऱ्या मलमानेही तेच होतं. अशा मांडीवर यंत्र लावलं की सुरुवातीचाच आकडा फुगलेला. तांबडी माती मात्र पुसून घ्यावी एवढंच, तिचा फार बाऊ नको.

या सगळ्यावर यंत्र बनवणाऱ्यांनी काहीच केलं नाही असं नाही. एकाऐवजी दोन किंवा जास्त अंतरांवर डोळे ठेवायचे, ही त्यांची मुख्य युक्ती. जवळच्या डोळ्याकडे येणारं केळं छोटं आणि उथळ, त्याला बहुतेक त्वचाच दिसते. लांबच्या डोळ्याला त्वचा अधिक स्नायू. अंतर वाढलं तसा उजेड किती मंदावला, याच्या उतारावरून टक्केवारी काढली की त्वचेचा बराचसा वाटा दोन्हींकडे समान म्हणून कटतो. एकाच अंतरावर मोजणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत त्वचेच्या बाबतीत कमी फसते, हे मुद्दाम कातडी तापवून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. कमी फसते, अजिबात फसत नाही असं नव्हे. भाच्याचं यंत्र याच जातीचं आहे, आणि तरी लाईट गेल्यावर काय झालं ते आपण पाहिलं.

प्रयोगशाळांत आणखी दोन उपाय करतात. शेजारीच लेझरचं वेगळं यंत्र लावून मिलिमीटरभर खोलीतलं, म्हणजे फक्त त्वचेतलं रक्त मोजत राहायचं. दुसरं म्हणजे मांडीच्या मुळाशी रुंद कफ बांधून रक्तपुरवठा काही मिनिटं पूर्ण बंद करायचा. आकडा तळाला जातो, सोडल्यावर उसळी मारून शिखराला. या तळ आणि शिखराच्या मध्ये व्यायामातला आकडा कुठे बसतो ते बघायचं. हा प्रकार घरी करायचा नाही. बीपीचा पट्टा आहे म्हणून तर मुळीच नाही.

घरी करता येतील अशा गोष्टी साध्या आहेत, आणि माझ्या मते त्यांनी निम्म्याहून जास्त काम होतं. वेळेचा फरक ओळखायला शिका. स्नायू चपळ आहे. जोर लावला की काही सेकंदांत त्याचा आकडा कोसळतो, थांबलं की तितक्याच लगबगीने वर येतो. तापलेली त्वचा संथ आहे, तिला मिनिटं लागतात. अर्थात व्यायामाच्या अगदी सुरुवातीला ती थोडी आकसते, रक्त स्नायूकडे वळावं म्हणून, पण नंतरचा प्रवास सावकाश. म्हणून आलेखात जो उभा कडा दिसतो तो बहुधा स्नायूचा, आणि सगळा आलेखच कासवाच्या चालीने वर सरकत असेल तर संशय त्वचेवर घ्यायचा. मी भाच्याला सांगितलं की ५२ की ५८ याचा नाद सोड. अर्ध्या मिनिटाचा जोर लाव आणि आकडा किती घसरला, परत यायला किती सेकंद लागले, तेवढं वहीत लिही.

दुसरं, यंत्र बहुतेक वेळा आणखी एक आकडा देतं: एकूण हिमोग्लोबिन किती दिसतंय तो. टक्केवारी वाढतेय आणि त्याच्याबरोबर हाही हळूहळू वाढतोय, वॅट मात्र तेच, असं असेल तर वरून तर्री ओतली जातेय असं समजावं. ज्यांच्या यंत्रात ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळं दिसतं, त्यांनी नसलेल्यावर जास्त भरवसा ठेवावा. गरम त्वचेत नव्याने आलेलं रक्त बहुतेक ऑक्सिजनवालंच असतं, त्यामुळे या दुसऱ्या आलेखाला ते कमी छळतं.

रस्त्यावर गेलं की गुंता वाढतो. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर. चढाला सायकलचा वेग कमी, म्हणजे अंगाला वारा नाही, आणि मेहनत भरपूर. कातडी तापते. उताराला उलटं: वारा सुसाट, पाय मोकळे. पाय मोकळे म्हणून स्नायूचा आकडा चढणार आणि कातडी निवली म्हणून तिचा वाटा घटणार, दोन्ही एकदम. घाटातल्या आलेखातून या दोन धाग्यांचा पीळ सोडवणं मला तरी जमलेलं नाही. म्हणून तुलना करायची ती खोलीतल्या सायकलीवरच, पंखा लावून.

तो पंखा भाच्याने आता इन्व्हर्टरवर घेतलाय. बहिणीने विचारलं, फ्रिजचं कनेक्शन काढून पंख्याला का दिलं? तो म्हणाला, “आई, मांडीची कातडी गार ठेवायचीय.” त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.